पट्टा लावला होता

सुट्टीचा दिवस होता आणि घरातली सगळी मंडळी हेल्मेट घ्यायला निघाली होती. कुणी म्हणेल, त्यात काय एवढं, दुकानात जावं आणि एक उचलून आणावं. पण हे घर शिक्केमास्तरांचं होतं. तिथे चहाची गाळणी जरी आणायची झाली तरी मास्तर ती आधी उजेडाकडे धरायचे, जाळी न्याहाळायचे आणि मग खिशात हात घालायचे.

शिक्केमास्तर हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. गॅसच्या टाकीवर बसतात ते व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात ते शेवटच्या तपासणीला बसत. प्रत्येक व्हॉल्व्ह पाण्यात बुडवायचा, आत हवा सोडायची आणि डोळ्यांत तेल घालून बघायचं. पाणी स्वस्थ राहिलं तर पितळेवर शिक्का. एक जरी बुडबुडा आला तरी लाल रंगाची फुली आणि थेट भंगारात. मालाची घाई होती तेव्हा मालक एकदा म्हणाला होता, "जाऊ द्या हो एवढे." मास्तरांनी हातोडी त्याच्यापुढे धरली. "मग शिक्का तुम्हीच मारा." ही गोष्ट कारखाना अजून सांगतो, आणि मास्तर ती अजून चवीनं ऐकतात.

हेल्मेट हवं होतं चिरंजीवांना. चिरंजीव छापखान्यात नोकरीला. सकाळी मोटारसायकलवर बायकोला बेकरीच्या दारात सोडायचं आणि तसंच पुढे जायचं, असा त्यांचा रोजचा रस्ता. जुनं हेल्मेट वापरून वापरून आतून सैल झालं होतं. मास्तर म्हणाले, "सैल झालं की संपलं. त्यात आता कांदे ठेवा."

दुकानात मास्तरांनी दुकानदाराचा घाम काढला. आधी फीत मागवली. भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागच्या फुगीर भागावरून फिरवून मुलाच्या डोक्याचं माप घेतलं. मग एकेक हेल्मेट चढवायला लावलं. "गाल चेपताहेत का? चेपले पाहिजेत. चेपत नसतील तर ते हेल्मेट नव्हे, टोपी!" पट्टा लावायला लावला आणि मागून हेल्मेट असं वर ढकललं, की चिरंजीव "अहो बाबा, मान!" म्हणून ओरडले. मग चष्मा लावून आतलं लेबल वाचलं. कुठल्या महिन्यात बनलं, माप काय, वजन काय. मागच्या बाजूची सरकारी खूण पाहिली, खुणेखालचा परवान्याचा क्रमांक पाहिला, आणि तो क्रमांक त्याच कंपनीचा आहे की नाही हे दुकानदाराच्या मोबाइलवर तपासून घेतलं. शेवटी आतल्या कडक फेसाच्या थरावर अंगठा दाबून म्हणाले, "जीव वाचवतो तो हा. वरचं रंगीत कवच बघणाऱ्यांसाठी असतं."

"काका, तुम्ही माझ्याच दुकानात नोकरीला या," दुकानदार म्हणाला. सगळे हसले. मग तो सहज म्हणाला, "आणि वहिनींना कुठलं दाखवू?"

सूनबाई आपल्या छोट्या मुलीला, चिमणीला, कडेवर घेऊन काचेच्या कपाटाशी उभी होती. मग सासूबाई म्हणाल्या, "तिचं बघू आम्ही बाहेर. ती कुठे गाडी चालवते!"

ही रीत कुठल्या पोथीत लिहिलेली नाही. तरी घरोघरी ती अशी पाळली जाते, की पोथीनं लाजावं. चालवणाऱ्याचं डोकं ते डोकं. मागे बसणारीचं डोकं ही पोलिसाला दाखवायची वस्तू! त्यासाठी एक शब्दही तयार आहे, "पोलिसापुरतं". त्याचं हेल्मेट मापाचं, तिचं पोलिसापुरतं. जणू गाडी घसरली तर रस्ता आधी विचारणार आहे, की बाई, तुम्ही चालवत होता की मागे बसला होता?

बाहेर कोपऱ्यावर चादरीवर हेल्मेटांचा ढीग पडला होता. चिमणीला लाल आवडलं, म्हणून लाल घेतलं. फीत नाही, लेबल नाही. सूनबाईच्या केसांचा अंबाडा आत मावेना, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मोठं घे गं, केसांना ऐसपैस होईल." मोठं घेतलं. ज्या माणसानं घटकेपूर्वी दुकानदाराला रडवलं होतं, तो माणूस पिशवी हातात धरून मुकाट उभा होता. पैसे नव्हते असं मुळीच नाही. ते सुचलंच नाही, इतकी ती गोष्ट अंगवळणी पडलेली.

एकच अडचण निघाली. त्या लाल हेल्मेटावर सरकारी खूण नव्हती, आणि हल्ली पोलीस खूण बघत होते. मास्तरांनी त्यावर तोड काढली. मुलाचं जुनं हेल्मेट घेतलं, खुणेच्या चिकटपट्टीवर गरम पाण्याचं फडकं धरलं, नखाच्या टोकानं ती अलगद सोडवली आणि लाल हेल्मेटाच्या मागे बसवली. कोपरा उचललेला नाही, मध्ये फुगा नाही. आयुष्यभर शिक्के मारलेला हात तो, तिरका कसा पडेल? सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "अगदी कंपनीतून आल्यासारखं दिसतंय हो!"

तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. तिनं हेल्मेट उलटंपालटं करून पाहिलं. "अय्या, यावर पण खूण आहे? मला वाटलं रस्त्यावरच्याला नसते."

"आहे की," मास्तर म्हणाले, आणि चहाचा कप तोंडाला लावला.

तिला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी बेकरीत मैत्रिणींना ती म्हणाली, "आमच्या बाबांच्या नजरेखालून गेलंय. त्यांच्या हातून खोटा शिक्का जात नाही." बेकरीत ती भट्टीवर होती. आतला पाव झाला की नाही हे बाकीच्या बायका घड्याळात बघून सांगायच्या, ही नाकानं सांगायची. बोलता बोलता थांबायची, हवेत नाक वर करायची आणि म्हणायची, "काढा गं, झाला." कधी चुकली नाही. नवीन मुलींना भट्टीवाला सांगायचा, "घड्याळ नंतर शिका, आधी हिच्याजवळ उभ्या राहा."

पुढे काही महिन्यांनी, बेकरीच्या अलीकडच्या वळणावर कुणाच्या तरी टेम्पोतून तेल सांडलं होतं. चिरंजीव काही वेगात नव्हते. गाडी नुसती लवंडली. चिरंजीवांचं डोकं रस्त्यावर आपटलं, नव्या हेल्मेटावर हातभर ओरखडा उठला, आणि ते कोपर चोळत उठून उभे राहिले. लाल हेल्मेट मात्र लांब गटाराच्या कडेला जाऊन पडलं होतं. सूनबाईच्या डोक्याची मागची बाजू फुटपाथच्या दगडावर आपटली होती आणि ती उठत नव्हती.

ती वाचली. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा, वाचली. पण शुद्धीवर आल्यावर नर्सनं जेवण आणलं, तेव्हा ती म्हणाली, "याला वास का नाही?" साबण हुंगला, औषध हुंगलं, चिमणीच्या केसांत नाक खुपसलं. काहीच नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोक्याला मार बसला की वासाची नस कधीकधी तुटते, कधीकधी पुन्हा जुळते, पण भरवसा देता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "हेल्मेट निघालं कसं? पट्टा लावला नव्हता का?"

सूनबाईला त्या सकाळचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. सासूबाईंनी उत्तर दिलं, "नसेल लावला! सदा घाईत असते. हेल्मेट बघा ना, साधा चरासुद्धा नाही त्याला. एवढं खूण असलेलं चांगलं हेल्मेट, पण माणसानं नीट घालायला नको?"

"खरंच, नसेल लावला मी," सूनबाई हळूच म्हणाली. "माझीच चूक."

मास्तर खिडकीशी उभे होते. ते घरी आले आणि त्यांनी लाल हेल्मेट हातात घेतलं. पट्ट्याचा खटका बंद होता. घट्ट बंद. तिनं पट्टा लावला होता. सुटलं होतं ते वरचं टोक. पट्टा ज्या रिबिटीनं कवचात बसवलेला असतो ती पत्र्याची रिबीट कवच फाडून बाहेर आली होती. मास्तरांनी आत अंगठा दाबला. कडक फेस असायला हवा तिथे कापडाखाली टीव्हीच्या खोक्यात भरतात तसला पांढरा थर्माकोल होता. अंगठा सरळ आत गेला.

आणि मग मास्तरांनी काय केलं? पक्कड आणली. रिबीट पुन्हा भोकात बसवली, मागून चेपली, आणि लाल हेल्मेट दारामागच्या खुंटीवर टांगून टाकलं. सांगतानासुद्धा जीभ जड होते, पण त्यांनी हे केलं. कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, आता बोलून काय तिचं नाक परत येणार आहे? माणसाला स्वतःची अब्रू झाकायची असली की शहाणपणाची वाक्यं भराभर सुचतात.

घरात नवा दिनक्रम सुरू झाला. सूनबाईला भट्टीवरून काढून पाव बांधायच्या टेबलावर बसवलं. भट्टीवाला वाईट नव्हता, पण बोलून गेला, "एक पट्टा लावायचा आळस, आणि बघ!" नव्या मुलींना आता तिचा दाखला वेगळ्याच गोष्टीसाठी दिला जाऊ लागला. घरी दूध करपलं तरी तिला कळेना. सासूबाई ओरडायच्या आणि ती म्हणायची, "माझंच मेलीचं लक्ष नसतं." पुढे पुढे तर ती शेजारणींनाही आपण होऊन सांगायची, "मी पट्टा लावला नव्हता. तुम्ही तरी लावत जा गं." तिनं असं म्हटलं की मास्तर उठून आत जायचे. पाणी प्यायचे. तहान नसायची.

कारखान्यातही त्यांचं बिनसलं. पाणी स्वस्थ असलं तरी व्हॉल्व्ह पुन्हा बुडवायचे. शेजारचा कामगार म्हणाला, "मास्तर, हल्ली स्वतःवरच विश्वास नाही का?" त्यांनी हसून वेळ मारून नेली.

मग एका सुट्टीला लेक माहेरी आली. घर कसं भरून गेलं. जेवणं झाली, गप्पा झाल्या. दुपारी तिला बाजारात जायचं होतं. "चल रे दादा, सोड मला," ती म्हणाली. चिरंजीवांनी आपलं हेल्मेट घेतलं. लेकीनं दारामागे हात घातला, लाल हेल्मेट काढलं आणि वहिनीकडे बघून म्हणाली, "हे घेते गं. मी पट्टा लावीन बरं का, तुझ्यासारखी विसरणार नाही!"

चेष्टाच होती. सूनबाईही कसनुशी हसली. लेकीनं हेल्मेट डोक्याकडे नेलं.

"ते घालू नकोस!"

मास्तर इतक्या मोठ्यानं ओरडले, की चिमणी दचकून आईला बिलगली. ते पाटावरून उठले होते, धोतरात पाय अडकावा तसे धडपडत दारापर्यंत गेले होते आणि लेकीच्या हातातून त्यांनी हेल्मेट अक्षरशः हिसकावून घेतलं होतं.

"अहो बाबा, काय झालं?"

"ते... ते नको. ते बरोबर नाही. दादाचं घाल. नाहीतर रिक्षानं जा."

"बरोबर नाही म्हणजे? खूण आहे की त्याच्यावर. तुम्हीच तर तपासलंय."

सासूबाईंनी मान फिरवली आणि त्या उगाचच ताटं गोळा करू लागल्या. सूनबाई चिमणीला बाजूला करून उठली. तिचा आवाज चढला नव्हता, तोच रोजचा आवाज होता.

"बाबा, ताईंच्या डोक्याला ते चालत नाही. मग माझ्या डोक्याला कसं चाललं?"



तिनं त्यांच्या हातातून हेल्मेट घेतलं आणि जेवणाच्या जागेवरच मधोमध ठेवलं. "तपासा," ती म्हणाली. "कारखान्यात तपासता तसं. सगळ्यांसमोर."

"सूनबाई, अगं..."

"तपासा बाबा."

मास्तर खाली बसले. आयुष्यात इतकी साधी तपासणी त्यांनी केली नव्हती आणि इतकी जड झाली नव्हती. पक्कड आणवली. चेपलेली रिबीट एका झटक्यात निघून आली. "पत्र्याची आहे," ते म्हणाले. "ताण सोसत नाही." अस्तर सोडवलं. "हा थर्माकोल. खोक्यात भरायचा." मग मागची खूण. नखाच्या टोकानं त्यांनी ती सोडवली, जशी पूर्वी एकदा सोडवली होती. "ही दुसऱ्या हेल्मेटाची. मी लावली."

"तुम्ही?" लेक म्हणाली.

"मी."

"आणि पट्टा?" सूनबाईनं विचारलं. "मला एवढंच सांगा. त्या दिवशी पट्टा मी लावला होता की नव्हता?"

मास्तरांनी मान वर केली नाही. "लावला होतास. खटका बंद होता. घरी आणलं तेव्हाच मी पाहिलं."

सूनबाईला रडू फुटलं. वास गेल्याचं कळलं तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. "मी सगळ्यांना सांगत फिरले," ती हुंदके देत म्हणाली. "बेकरीत, शेजारी, ह्या पोरीला. माझीच चूक, माझीच चूक म्हणून. आणि तुम्ही ऐकत होता!"

चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे तुम्ही कसं केलंत?"

"तू नको विचारूस," ती नवऱ्याकडे वळली. "तूही तिथेच होतास. फीत कुणाच्या डोक्याला लावली होती ते आठव. माझ्या डोक्याचं माप काय, माहितीये तुला?"

चिरंजीवांना माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, बांगडीचं माप माहीत, चपलेचं माप माहीत, डोक्याचं माप घ्यावं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"अगं पण मुद्दाम का कुणी केलं?" सासूबाई आतून म्हणाल्या. "सगळेच असं घेतात."

"म्हणूनच सांगते आई," ती म्हणाली. "यापुढे ह्या घरातल्या गाडीवर मी मागे बसणार नाही, आणि माझी मुलगीही बसणार नाही. सगळ्यांची हेल्मेटं सारखी होईपर्यंत. मी चालत जाईन."

आणि ती खरंच चालत गेली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. चिरंजीव गाडी हळू चालवत शेजारून विनवत राहिले. ती नुसती पुढे बघून चालत होती.

शेवटी सगळे पुन्हा त्याच दुकानात गेले. या वेळी फीत मास्तरांच्या हातात नव्हती. सूनबाईनं ती स्वतः घेतली, अंबाडा सोडून वेणी घातली आणि आरशात बघून आपल्या डोक्याचं माप घेतलं. लेबल तिनं वाचलं, खूण तिनं पाहिली, क्रमांक तिनं पडताळला, पट्टा लावून हेल्मेट मागून वर ढकलून पाहिलं. चिमणीचंही घेतलं, तिच्या मापाचं. मास्तर बाजूला उभे होते. दुकानदार म्हणाला, "काका, आज गप्प?" ते म्हणाले, "आज ऐकायला आलोय."

बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "झालं ना समाधान?"

"माझ्या डोक्याचं झालं," ती म्हणाली. "नावाचं नाही झालं. बेकरीत अजून मीच आळशी आहे."

मास्तर रात्रभर तळमळले असतील नसतील, ते त्यांनाच ठाऊक. सकाळी मात्र ते कारखान्यात गेले नाहीत. लाल हेल्मेटावर त्यांनी रंगाची फुली मारली. लालावर लाल दिसेना, म्हणून पांढरी मारली. ते काखेत घेऊन सूनबाईबरोबर बेकरीच्या फाटकाशी गेले. बायका कामावर येत होत्या. कुणी नवऱ्याच्या मागून उतरत होतं, कुणी भावाच्या. प्रत्येकीच्या हातात एकेक रंगीत हेल्मेट, हलकंफुलकं. भट्टीवालाही दारात येऊन उभा राहिला.

"हिनं पट्टा लावला होता," मास्तर म्हणाले. त्यांनी खाकरून पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. "माझ्या सुनेनं पट्टा लावला होता. हेल्मेट खोटं होतं. त्यावरची खूण मी चिकटवली होती. मुलाला खरं घेतलं आणि हिला हे घेतलं. चूक हिची नाही, माझी आहे. हिला कुणी बोललं असेल तर ते शब्द मला लावा."

फाटकाशी चुळबुळ झाली. गाडीवर बसलेले नवरे आरशांत बघू लागले. कुणाच्या डोक्यावर कसलं हेल्मेट आहे आणि मागच्या हातात कसलं, हे त्या सकाळी तिथे सगळ्यांना एकदमच दिसलं. वाचकहो, तुमच्याही दारामागे खुंट्या असतील. एकदा उठून बघून या. आम्ही थांबतो.

एक बाई पुढे आली. नव्यानंच कामाला लागलेली. तिनं आपलं निळं हेल्मेट मास्तरांपुढे धरलं. "काका, माझं बघता का जरा?"

मास्तरांनी हात पुढे केला, आणि मागे घेतला. "तिला दाखव," ते सुनेकडे बोट करून म्हणाले. "तिला कळतं."

सूनबाईनं हेल्मेट घेतलं. आत अंगठा दाबला. आत कुणीतरी भट्टीचं झाकण उघडलं असावं, कारण त्याच वेळी ताज्या पावाचा गरम, खमंग वास सगळ्या फाटकावर पसरला. बायकांनी नकळत नाकं वर केली. मास्तरांच्या नाकातही तो भरला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती मान खाली घालून पट्ट्याची रिबीट ओढून बघत होती. तिला काहीच कळलं नव्हतं. आणि मास्तरांना त्या क्षणी, आपल्याला वास येतो याची लाज वाटली.